पैसा कोणाच्या हाती? एलिनॉर राथबोन यांची संसदेतील कामगिरी

२०२४ सालच्या ऑगस्ट महिन्यात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे पहिले हप्ते महाराष्ट्रातील महिलांच्या बँक खात्यांत जमा झाले. दरमहा १५०० रुपयांची ही मदत योग्य की अयोग्य, तिच्यामागे मतांचे राजकारण किती, राज्याच्या तिजोरीला ती परवडेल काय, यावर भरपूर लिहिले-बोलले गेले. त्या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र मागे पडला. शासनाला एखाद्या कुटुंबास साह्य करावयाचे असेल, तर ते कोणाच्या हाती द्यावे? कुटुंबप्रमुख म्हणून पित्याच्या, की चूल चालविणाऱ्या मातेच्या? आपल्याला हा प्रश्न नवा वाटला, तरी ब्रिटनच्या संसदेत १९४५ साली त्यावरून मोठी झुंज झाली होती. ती झुंज देणारी व्यक्ती मंत्री नव्हती आणि कोणत्याही पक्षाची पुढारीही नव्हती. एलिनॉर राथबोन हे त्यांचे नाव. आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांनी ते ऐकले असेल, म्हणून त्यांच्या संसदीय कार्याचा हा परिचय.

ब्रिटनच्या कनिष्ठ सभागृहात, म्हणजे हाउस ऑफ कॉमन्समध्ये, सत्ताधारी आणि विरोधक समोरासमोर बसतात. दोन्हीकडच्या पहिल्या बाकावर मंत्री व विरोधकांचे प्रमुख नेते असतात, बाकीचे सभासद त्यांच्या मागे. 'मागच्या बाकावरचा' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे खिडकीबाहेर पाहत बसलेला विद्यार्थी उभा राहतो. संसदेत तसे समजण्याचे कारण नाही. मागच्या बाकावरील सभासदाजवळ खाते नसते, तिजोरी नसते, हुकूम झेलणारे अधिकारी नसतात. परंतु मंत्र्याला प्रश्न विचारणे, ठराव मांडणे, अशासकीय विधेयक आणणे आणि सरकारी विधेयकाला दुरुस्ती सुचविणे, एवढे त्याच्या हाती असते. बहुतेक सभासद पक्षादेशाप्रमाणे मत देऊन मोकळे होतात. राथबोनबाईंना पक्षच नसल्यामुळे ती सोयही नव्हती आणि ते बंधनही नव्हते.

१९२९ साली त्या 'संयुक्त इंग्लिश विद्यापीठे' या मतदारसंघातून अपक्ष म्हणून निवडून आल्या. आपल्याकडे विधान परिषदेचे पदवीधर मतदारसंघ आहेत, साधारण त्याच जातीचा हा मतदारसंघ होता. ऑक्सफर्ड, केंब्रिज व लंडन वगळून इंग्लंडमधील अन्य विद्यापीठांचे पदवीधर टपालाने मत देऊन दोन सभासद निवडत. (१९४८ च्या कायद्याने असे मतदारसंघ रद्द झाले.) ब्रिटनमध्ये २१ वर्षांवरील सर्व स्त्रियांना मतदानाचा हक्क १९२८ साली मिळाला होता आणि १९२९ च्या त्या निवडणुकीत अवघ्या १४ स्त्रिया सभागृहात पोहोचल्या. राथबोनबाईंचे वय तेव्हा ५७ वर्षांचे होते. पुढे मृत्यूपर्यंत त्याच मतदारसंघाने त्यांना निवडून दिले.

त्यांचा जन्म १८७२ चा. घराणे लिव्हरपूल बंदरातील श्रीमंत व्यापाऱ्यांचे. वडील विल्यम राथबोन हेही संसद सभासद होते आणि गरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांची व्यवस्था त्यांनीच लिव्हरपुलात १८५९ साली सुरू केली होती. एलिनॉर यांचे शिक्षण ऑक्सफर्डला, ग्रीक-लॅटिन आणि तत्त्वज्ञान घेऊन झाले. मात्र त्या काळी ऑक्सफर्ड स्त्रियांना शिकवीत असे, पदवी देत नसे. पदवीचे दार तेथे १९२० साली उघडले. घरी परतल्यावर त्यांनी बंदरातील हंगामी कामगारांची पाहणी हाती घेतली. हे कामगार म्हणजे आपल्या शहरांतील नाका कामगारांसारखेच. सकाळी धक्क्यावर उभे राहायचे, मुकादमाने बोट दाखविले तर अर्ध्या दिवसाचे काम, नाही तर रिकाम्या हाती परत. अशा घरांतील स्त्रिया आठवड्याचा खर्च कसा भागवितात, याच्या नोंदी राथबोनबाईंनी घराघरांतून जमविल्या. कोणत्या दिवशी कोणती वस्तू गहाण पडली, कोणत्या दिवशी दुधात कपात झाली, हे त्यांना ठाऊक होते. १९०९ साली त्या लिव्हरपूल नगर परिषदेवर निवडून आल्या. त्या परिषदेतील त्या पहिल्या स्त्री सभासद, आणि तेथेही अपक्षच.

पहिल्या महायुद्धाने त्यांना एक अनपेक्षित धडा दिला. नवरे आघाडीवर गेले तेव्हा सरकारने सैनिकांच्या पत्नींना दर आठवड्याला भत्ता देण्यास प्रारंभ केला. हा भत्ता मुलांच्या संख्येप्रमाणे वाढत असे आणि तो थेट स्त्रीच्या हाती पडत असे. लिव्हरपुलात या भत्त्याच्या व्यवस्थेचे काम राथबोनबाईंकडे होते. बायका पैसा उधळतील, दारूत घालवतील, अशी ओरड प्रतिष्ठितांनी केली. राथबोनबाईंना मात्र उलट दृश्य दिसले. रक्कम फार नव्हती, पण ती ठरलेल्या दिवशी, ठरलेली आणि आईच्या हाती येत होती. मुलांच्या अंगावर धड कपडे आले, पायांत जोडे आले. युद्ध संपले की हे सर्व बंद होणार होते. म्हणून १९१७ साली त्यांनी काही सहकाऱ्यांसह एक समिती स्थापन केली आणि कुटुंबभत्त्याची मागणी पुढे आणली.

या मागणीमागचा विचार त्यांनी १९२४ साली 'द डिसइनहेरिटेड फॅमिली' या ग्रंथात मांडला. तो समजून घेणे आवश्यक आहे, कारण तो आपल्या ओळखीच्या एका विचाराला छेद देतो. त्या काळचे सुधारक म्हणत: कामगाराला एवढे वेतन मिळाले पाहिजे की त्यात पती, पत्नी आणि तीन मुले जगतील. ऐकावयास हे अगदी न्याय्य वाटते. राथबोनबाईंनी त्याचा हिशेब मांडला. सर्व पुरुषांना पाच जणांच्या कुटुंबापुरते वेतन दिले, तर अविवाहितांच्या आणि लहान कुटुंबांच्या वाट्याला तीस लाख काल्पनिक पत्नी आणि एक कोटी साठ लाखांहून अधिक काल्पनिक मुले यांचा खर्च जाईल. उलट ज्या घरांत तीनहून अधिक मुले आहेत, तेथील साडेबारा लाखांहून अधिक खरी मुले तशीच वाऱ्यावर राहतील. वेतन कामाचे असते आणि काम करणाऱ्याला किती मुले आहेत हे यंत्राला कळत नाही. शिवाय 'पुरुषाला कुटुंब पोसावयाचे असते' या सबबीवर त्याच कामासाठी स्त्रीला कमी वेतन मिळते, विधवा असून ती चार मुलांना पोसत असली तरीही! तेव्हा वेतन कामाप्रमाणे द्या आणि मुलांचा भार समाजाने वेगळा उचलावा, ही त्यांची मांडणी.

येथे ख्रिस्ती वाचकांना पोप लिओ तेरावे यांचे १८९१ चे 'रेरुम नोव्हारुम' आणि पोप पायस अकरावे यांचे १९३१ चे 'क्वाद्राजेसिमो आन्नो' ही परिपत्रके आठवतील. कुटुंबाला पुरेल असे वेतन हा चर्चच्या सामाजिक शिकवणीतील महत्त्वाचा मुद्दा आहे आणि वरकरणी राथबोनबाई त्यालाच विरोध करीत आहेत असे वाटते. परंतु १९३१ च्या परिपत्रकात आणखीही एक गोष्ट आहे. कुटुंबाचा भार वाढेल तशी मिळकत वाढावी, यासाठी ज्यांनी निरनिराळे उपाय योजले त्यांची पोप महोदयांनी प्रशंसा केली आहे. असा एक उपाय फ्रान्समध्ये, ग्रेनोबल शहरात एमिल रोमाने नावाच्या कॅथलिक अभियंत्याच्या पुढाकाराने पहिल्या महायुद्धाच्या काळातच सुरू झाला होता. कारखानदारांनी एकत्र निधी उभारावा आणि त्यातून मुलाबाळांच्या कामगारांना वेतनाशिवाय वेगळा भत्ता द्यावा, अशी ती योजना. राथबोनबाईंनी आपल्या ग्रंथात फ्रान्समधील या पद्धतीचा परामर्श घेतला आहे. पुढे १९८१ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी 'लाबोरेम एक्झेर्चेन्स'मध्ये कुटुंब-वेतनाच्या जोडीला कुटुंबभत्ता आणि घर सांभाळणाऱ्या मातेला अनुदान, हे मार्ग स्पष्ट शब्दांत नमूद केले. कुटुंबनियोजनाच्या बाबतीत राथबोनबाईंची मते आपल्या शिकवणीशी जुळणारी नव्हती, हे सांगितले पाहिजे. तरीही ज्या प्रश्नावर त्यांनी आयुष्य वेचले, त्यात त्या आणि चर्च एकमेकांपासून फार दूर नव्हते.

संसदेत आल्यावर त्यांनी घरातील दुसऱ्या एका अन्यायालाही हात घातला. इंग्लंडच्या कायद्यानुसार पुरुष मृत्युपत्राने आपली सर्व मालमत्ता वाटेल त्याला देऊ शकत असे. पत्नी-मुलांना एक पैसाही न ठेवता तो मरण पावला, तर न्यायालयाला काही करता येत नसे. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये मात्र पत्नी-मुलांचा काही हिस्सा कायद्याने राखलेला होता. राथबोनबाईंनी १९३१ साली या संदर्भात विधेयक आणले. ते बारगळले. स्वतःच्या मालमत्तेची व्यवस्था लावण्याचे इंग्रज माणसाचे स्वातंत्र्य हिरावले जाते, असा आक्षेप होता. तोच विषय इतरांनी पुन्हा पुन्हा पुढे आणला आणि अखेर १९३८ साली कायदा झाला. तेव्हापासून निराधार ठेवलेली पत्नी, अज्ञान मुलगे, अविवाहित मुली आणि अपंग अपत्ये यांना न्यायालयाकडे दाद मागता येऊ लागली.

या कायद्याची माहिती मी जरा विस्ताराने देत आहे, त्यास कारण आहे. आपल्याकडील ख्रिस्ती लोकांना लागू असलेला १९२५ चा भारतीय वारसा कायदा जुन्या इंग्लिश कायद्याच्या वळणावर बेतलेला आहे. मृत्युपत्र केलेले नसेल तर पत्नी आणि मुले यांचे हिस्से त्यात ठरलेले आहेत. मृत्युपत्र केले असेल, तर मात्र मालक सर्व काही परक्याच्या नावे करू शकतो आणि १९३८ साली इंग्लंडने केली तशी सोय आपल्या कायद्यात नाही. गोव्यातील आपले बांधव याबाबतीत अधिक सुरक्षित आहेत. तेथील पोर्तुगीज परंपरेच्या नागरी कायद्यानुसार मुलाबाळांसाठी अर्धी मालमत्ता राखून ठेवावीच लागते. घरातील कर्त्या पुरुषाच्या सद्बुद्धीवर सारे सोपवावे की कायद्याचा आधार द्यावा, याविषयी आपल्या समाजात फारशी चर्चा होत नाही. मृत्युपत्राचा विषय निघाला की 'फादर, आत्ताच कशाला ते अभद्र बोलणे' असे म्हणून लोक उठतात.

दुसऱ्याच्या घरातील प्रश्नांविषयी बोलताना मात्र राथबोनबाईंची एकदा मोठी चूक झाली आणि ती आपल्या देशाशी निगडित आहे. कॅथरीन मेयो या अमेरिकन लेखिकेचे 'मदर इंडिया' हे १९२७ चे पुस्तक वाचून भारतातील बालविवाहांच्या विचाराने त्या अस्वस्थ झाल्या. ऑक्टोबर १९२९ मध्ये त्यांनी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर परिषद भरविली. सभेत धनवंती रामा राव उभ्या राहिल्या. पुढे मुंबईत भारतीय कुटुंबनियोजन संघटनेची पायाभरणी करणाऱ्या त्याच या धनवंतीबाई. भारतातील सामाजिक दोषांवर बोलणाऱ्या वक्त्या सगळ्या ब्रिटिश, त्यांतील अनेकींनी भारत पाहिलेलाही नाही, मग हा अधिकार त्यांना कोणी दिला, असा त्यांचा सवाल होता. तो बिनतोड होता. शिवाय आठवडाभरापूर्वीच हरविलास सारडा यांचे विधेयक भारताच्या मध्यवर्ती विधिमंडळाने मंजूर केले होते. मुलीचे विवाहाचे वय किमान १४ आणि मुलाचे १८ ठरविणारे ते विधेयक सरकारने आणलेले नव्हते. सारडा हेही अजमेर-मेरवाड्यातून निवडून आलेले एक साधे सभासदच होते.

राथबोनबाईंनी हा धडा अर्धामुर्धा घेतला. १९३२ साली त्या स्वतः भारतात आल्या, येथील स्त्री-कार्यकर्त्यांना भेटल्या आणि १९३५ च्या भारत सरकार कायद्यात अधिक स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून त्यांनी संसदेत चिकाटीने प्रयत्न केले. मात्र पतीच्या मालमत्तेच्या आधारे पत्नीला मत मिळावे, हा मार्ग त्यांनी सुचविला. १९२७ साली पुण्यात जन्मलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेला आणि तिच्या भगिनी-संस्थांना तो पसंत नव्हता. त्यांना सर्व प्रौढांना मताधिकार हवा होता. जी बाई इंग्लंडमध्ये पत्नीला पतीची सावली मानू नका म्हणून झगडत होती, तिनेच भारतीय स्त्रीला पतीच्या सावलीतून मत देऊ करावे, हे विचित्रच. १९४१ साली भारतीयांनी युद्धात साथ द्यावी असे सुनावणारे अनावृत पत्र त्यांनी लिहिले, तेव्हा रवींद्रनाथ टागोरांनी रुग्णशय्येवरून त्याला कडक उत्तर दिले. दोन महिन्यांनी कविवर्यांचे निधन झाले.

कुटुंबभत्त्याकडे परत येऊ. १९३० च्या दशकात ही मागणी जवळजवळ अडगळीत पडली होती. हुजूर पक्षाला खर्चाची भीती, तर कामगार संघटनांना वेगळीच शंका: मुलांसाठी सरकार पैसे देते म्हटल्यावर मालक वेतन कापतील. बापाची जबाबदारीची भावना नष्ट होईल, असे म्हणणारे दोन्ही बाजूंना होते. राथबोनबाईंनी तोवर लहान वाटा धरल्या. बेकारांच्या मुलांचे पोषण, शाळांतून स्वस्त दूध, यासाठी १९३४ साली त्यांनी बालकांच्या किमान गरजांची परिषद उभारली आणि मंत्र्यांना प्रश्नांनी हैराण केले. त्याच वर्षांत नाझींच्या छळातून पळालेल्या निर्वासितांचे, १९३७ साली स्पेनहून आलेल्या सुमारे चार हजार बास्क मुलांचे, आणि १९४० साली ब्रिटनने संशयाने छावण्यांत डांबलेल्या निरपराध परदेशीयांचे प्रश्नही त्या सभागृहात मांडत राहिल्या. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

दुसऱ्या महायुद्धाने वारे फिरविले. महागाई आणि वेतनवाढीचा फेरा थांबवावयाचा तर मुलांच्या खर्चाची वेगळी तजवीज हवी, हे अर्थतज्ज्ञ केन्स यांच्यासारख्यांनाही पटले. १९४२ साली कामगार संघटनांनी विरोध सोडला, जूनमध्ये सभागृहाने अनुकूल ठराव केला, आणि वर्षअखेर विल्यम बेव्हरिज यांचा सामाजिक विम्यासंबंधीचा प्रसिद्ध अहवाल आला. मुलांचा भत्ता हा त्या संपूर्ण योजनेचा पाया मानलेला होता. बेव्हरिज हे राथबोनबाईंचे १९२४ चे पुस्तक वाचून या मताकडे वळलेले होते.

मार्च १९४५ मध्ये मंत्री सर विल्यम जोविट यांनी कुटुंबभत्त्याचे विधेयक दुसऱ्या वाचनासाठी मांडले. पंचवीस वर्षांहून अधिक काळ ज्याची वाट पाहिली ते विधेयक समोर आले, आणि राथबोनबाईंनी त्यावर कडाडून हल्ला केला. कारण त्यात हा भत्ता कायद्याने पित्याचा ठरविला होता. आईने तो टपाल कचेरीतून आणण्यास हरकत नव्हती, पण मालकी बापाची. सरकारचा युक्तिवाद होता की, मुलांच्या पालनपोषणाचे कायदेशीर दायित्व पित्यावर आहे, तेव्हा पैसाही त्याचा. बहुतेक नवरे तो पत्नीलाच देतील, मग एवढा आग्रह कशाला? राथबोनबाईंचे उत्तर असे होते की, बहुतेक घरांसाठी हा फरक शून्य असेल हे खरे, पण कायदा उरलेल्या घरांसाठीच लागतो. शिवाय मुलांना वाढविण्याचे काम करणारीला राष्ट्र काय मानते, हे या एका शब्दातून ठरणार होते. ही तरतूद तशीच राहिली तर ज्यासाठी आयुष्य वेचले त्याच विधेयकाच्या विरोधात मत देण्याची वेळ माझ्यावर येईल, असा इशारा त्यांनी दिला.

मागच्या बाकांवरील सर्व पक्षांच्या सभासदांत, आणि सभागृहाबाहेर स्त्री-संघटनांत, या इशाऱ्याचे पडसाद उमटले. सरकारने पक्षादेश मागे घेतला व मुक्त मतदानाला मान्यता दिली. सभागृहाचा कौल स्पष्ट होता. 'पित्याचा' हा शब्द गेला, 'मातेचा' आला, आणि जून १९४५ मध्ये विधेयकाचा कायदा झाला. बेव्हरिज यांनी सुचविले होते ८ शिलिंग, कायद्याने दिले आठवड्याला ५, आणि तेही पहिले मूल वगळून. राथबोनबाईंना हे तुटपुंजे वाटले, पण रकमेसाठी त्यांनी विधेयक अडविले नाही.

शेजारच्या आयर्लंडचे उदाहरण येथे देण्यासारखे आहे. त्या कॅथलिक देशात असाच भत्ता ब्रिटनच्या आधी, १९४४ सालीच सुरू झाला. तो मात्र कुटुंबप्रमुख या नात्याने पित्याला देण्यात आला. मातेच्या नावे तो होण्यास १९७४ साल उजाडले. ख्रिस्ती कुटुंबात आईचे स्थान किती उच्च, यावर तेथे त्या तीस वर्षांत प्रवचने कमी झाली नसतील.

एलिनॉर राथबोन २ जानेवारी १९४६ रोजी लंडनमध्ये निवर्तल्या. त्या कधीही मंत्री झाल्या नाहीत. सात महिन्यांनी, मंगळवार ६ ऑगस्ट १९४६ रोजी, ब्रिटनमधील टपाल कचेऱ्यांतून मातांनी कुटुंबभत्त्याचे पहिले पाच-पाच शिलिंग उचलले. पहिल्या मुलाला मात्र आणखी तीस वर्षे थांबावे लागले. जुना भत्ता आणि पित्याच्या प्राप्तिकरातील मुलांची सवलत यांच्या जागी 'चाइल्ड बेनिफिट' आणण्याचे ठरले, तेव्हा १९७६ साली मंत्रिमंडळ कचरले. सवलत गेल्याने नवऱ्याच्या पाकिटातून पैसा निघून बायकोच्या बटव्यात जाईल आणि कामगार बिथरतील, अशी धास्ती होती. शेवटी १९७७ ते १९७९ या काळात टप्प्याटप्प्याने ते लागू झाले, पहिल्या मुलासह आणि आईच्या हाती.